नळाचे काम कोणीही करील

अंगच्या गुणाला आपण मराठीत 'देणगी' म्हणतो. गळ्याची देणगी, अभिनयाची देणगी, वक्तृत्वाची देणगी. शब्द गोड आहे. पण थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसले की तो माणसाला अडचणीत टाकतो. देणगी म्हटली की देणारा आला, घेणारा आला, आणि मागाहून वही घेऊन हिशेब विचारणाराही आला. देवळाला मिळालेली देणगी कोणी घरखर्चाला वापरली तर गाव बोलते. मग गळ्याची देणगी लाभलेल्या माणसाने गाणे बंद करून किराण्याचे दुकान काढले, तर गावाने बोलावे की न बोलावे? इंग्रजांनी तर हा हिशेब शब्दातच मांडून ठेवला आहे. त्यांचा 'टॅलेंट' हा शब्द मुळात एका वजनाचे आणि तेवढ्या द्रव्याचे नाव. बायबलातल्या दृष्टांतात धनी आपल्या तीन चाकरांच्या हाती असे द्रव्य सोपवून परगावी जातो. दोघे ते वाढवितात. तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर बोल खातो. त्या दृष्टांतावरूनच द्रव्याचे नाव गुणाला चिकटले.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही, तो का ते पुढे येईल. आधी जिच्यामुळे तो पुन्हा डोक्यात शिरला तिची हकीगत सांगतो. ग्लेंडा जॅक्सन ही इंग्रज नटी १५ जून २०२३ रोजी ८७ वर्षांची होऊन वारली. तिच्या आयुष्याचा आराखडा कोणी कागदावर काढला तर मध्येच एक मोठी मोकळी जागा दिसेल. १९९२ पासून २०१५ पर्यंत तेवीस वर्षे ही बाई रंगभूमीवर, पडद्यावर कोठेही नव्हती. ती ब्रिटिश पार्लमेंटात मजूर पक्षाची सभासद म्हणून बसत होती. तिच्या चाहत्यांनी या तेवीस वर्षांबद्दल जितके उसासे टाकले तितके तिच्या वाईट चित्रपटांबद्दलही टाकले नसतील.

तिचा जन्म १९३६ चा, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडे असलेल्या बर्कनहेडचा. बाप गवंडी. आई लोकांच्या घरची साफसफाई करी, दुकानात काम करी. चार बहिणींत ही थोरली, आणि नाव ठेवले ते हॉलिवुडच्या ग्लेंडा फॅरेल या नटीचे. आईबापांच्या हातून भविष्यावर पडलेली तेवढीच काय ती खूण. मुलगी परीक्षा देऊन ग्रामर शाळेत गेली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने या शाळांची फी रद्द केली होती, म्हणून गवंड्याच्या मुलीला ते दार उघडे मिळाले. सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली आणि 'बूट्स' या औषधांच्या दुकानात नोकरी धरली. दोन वर्षे ती गल्ल्यामागे उभी होती. फावल्या वेळी हौशी मंडळींबरोबर नाटकात कामे करी. कोणीतरी सुचविले, तिने अर्ज केला, आणि १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाली.

ही देणगी म्हणायची तर तिच्या पावतीवर किती नावे घालावी लागतील ते पाहा. देवाचे घाला, आईबापांचे घाला. पण फी माफ करणाऱ्या कायद्याचे, शिष्यवृत्ती देणाऱ्याचे, आणि त्या हौशी मंडळींचेही घालावेच लागेल. शिकून बाहेर पडल्यावर गाडी लगेच धावू लागली असेही नाही. पुढची सातआठ वर्षे लहानसहान नाटक कंपन्या, मध्येच बेकारी, पुन्हा दुकाने आणि उपाहारगृहे, असेच चालले होते.

१९६४ मध्ये पीटर ब्रुकच्या नजरेला ती पडली. आपल्याकडे ब्रुक ठाऊक आहे तो १९८५ च्या त्याच्या महाभारतामुळे. त्याच्या वीस वर्षे आधी त्याने 'मारा/साद' हे वेड्यांच्या इस्पितळात घडणारे नाटक बसविले होते. त्यात झोपेच्या अमलाखाली असलेली, खून करायला निघालेली शार्लट कॉर्डे ग्लेंडाने उभी केली. पुढचे सगळे प्रसिद्धच आहे. केन रसेलचा 'विमेन इन लव्ह', त्याबद्दल १९७१ मध्ये ऑस्कर. 'अ टच ऑफ क्लास' या हलक्याफुलक्या चित्रपटाबद्दल १९७४ मध्ये दुसरे. दोन्ही वेळा ती समारंभाला गेली नाही. त्या सोनेरी बाहुल्या तिने आईकडे ठेवायला दिल्या. दिवाळीत आपल्याकडे चिंच लावून पितळेची भांडी घासतात त्या निष्ठेने त्या माउलीने त्या बाहुल्या घासल्या. इतक्या, की वरचा मुलामा उडून आतला धातू दिसू लागला. मला ही गोष्ट दोन्ही बक्षिसांहून अधिक आवडते.

पण माझ्या मते तिचे मोठे काम चित्रपटात नव्हेच, दूरचित्रवाणीवर आहे. १९७१ मध्ये बीबीसीने 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका केली. तीत ग्लेंडाने पहिल्या एलिझाबेथ राणीची भूमिका तिच्या पोरवयापासून मरणापर्यंत केली. राणीचे ते उंच कपाळ खरे दिसावे म्हणून तिने डोक्याचा पुढचा भाग वस्तऱ्याने काढविला. त्या वेळी ती पस्तिशीची होती, नट्या केसाला जपतात ते वय. पहिल्या भागातली राजकन्या चौकशीला उत्तरे देताना शब्द तोलते. शेवटच्या भागातली म्हातारी मरायला टेकली तरी बिछान्यावर पडायला तयार नसते. मधल्या भागांत कोठेही सांधा दिसत नाही. आणि त्याच वर्षी हीच बाई मोरकॅम आणि वाइज या विदूषकांच्या कार्यक्रमात क्लिओपात्रा होऊन स्वतःची यथेच्छ फजिती करून घेत होती. 'अ टच ऑफ क्लास'च्या दिग्दर्शकाने तिला घेतले ते म्हणे हा पोरखेळ पाहूनच.

अशी ही नटी पंचावन्नाव्या वर्षी निवडणुकीला उभी राहिली. हॅम्पस्टेड अँड हायगेट हा लंडनमधला मतदारसंघ तिने १९९२ मध्ये हुजूर पक्षाकडून जिंकला. गंमत अशी, की ती निवडून आली आणि तिचा पक्ष मात्र देशभर हरला. ज्या हुजूर राजवटीला घालवायचे म्हणून ती राजकारणात उतरली ती आणखी पाच वर्षे तशीच राहिली. १९९७ मध्ये ब्लेअर सत्तेवर आले तेव्हा तिला वाहतूक खात्यात दुय्यम मंत्रिपद मिळाले. लंडनच्या बसगाड्या, भुयारी रेल्वे हा विषय. १९९९ मध्ये लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवायची म्हणून ते सोडले. उमेदवारी मिळाली नाही. २००३ मध्ये इराकच्या युद्धाला तिने आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध विरोध केला. युद्ध थांबले नाही. राजकारणातली कारकीर्द म्हणून हे खाते काही डोळे दिपविणारे नाही. बाकी वर्षे गेली ती मतदारांची गाऱ्हाणी ऐकण्यात. घराचे भाडे, गळके छप्पर, अडलेले निवृत्तिवेतन, रुग्णालयाची तारीख.

एकदाच तिच्यातली नटी त्या सभागृहात सर्वांना दिसली. मार्गारेट थॅचर वारल्या त्यानंतर दोनच दिवसांनी, १० एप्रिल २०१३ रोजी, श्रद्धांजलीच्या सभेत ती उठली आणि त्या राजवटीत दुकानांची दारे बेघरांची शेजघरे कशी झाली, शाळांच्या भिंतींचे पोपडे कसे पडत होते, जे दुर्गुण म्हणून आपल्याला शिकविले ते सद्गुण कसे ठरले, हे तिने घणाघाती आवाजात सांगितले. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला. ती थांबली नाही. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हा आपला संकेत, आणि तो मला मान्य आहे. म्हणून ते भाषण ऐकताना मी अवघडलो. पण ते अर्ध्यावर सोडवेनाही.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

आमच्या गावी आम्ही हौशी मंडळी दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला नाटक नेत असू. मी शाळेत मराठी शिकवी आणि नाटके बसवी. आमच्यात एक बाई होत्या. त्या शिवणाचा वर्ग चालवीत, म्हणून सारे गाव त्यांना बाई म्हणे. रंगमंचावर आल्या की आमच्यासारख्यांची धडपड उघडी पडे. त्या काही करीत आहेत असे दिसतच नसे आणि प्रेक्षागृह गप्प होई. १९९६ च्या सुमारास मी त्यांच्यासाठी म्हणून एक नाटक निवडले, तालमीची तारीख ठरविली, आणि बाई सांगायला आल्या की त्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहत आहेत. त्यांचा प्रभाग स्त्रियांसाठी राखीव झाला होता. वरच्या आळीला नळ होते, पण उन्हाळ्यात त्यांना पाणी चढत नसे. बायका पहाटे खालच्या विहिरीवरून हंडे आणीत.

मी पुष्कळ बोललो. कलेची सेवा, देणगी, ईश्वर, काही सोडले नाही. शेवटी माझा हुकमी मुद्दा काढला. म्हटले, "बाई, नळाचे काम कोणीही करील. ही भूमिका तुमच्यावाचून कोण करणार?"

बाई म्हणाल्या, "कोणीही करील म्हणता ना सर, मग आजवर कोणी का नाही केले?"

मला उत्तर सुचले नाही. मी रागावलो, हे मात्र आठवते.

माझा मुद्दा गणित म्हणून चूक नव्हता. ग्लेंडा जॅक्सनबद्दलही सगळे टीकाकार हेच म्हणत आले. हॅम्पस्टेडला दुसरा सभासद मिळाला असता. दुसरी ग्लेंडा मिळणार नव्हती. जे एकालाच येते ते त्याने करावे, जे सगळ्यांना येते ते इतरांनी करावे. ऐकायला निर्दोष वाटते. पण हे गणित आपल्या घरांतून कसे चालते ते आठवा. घरातला एक मुलगा गुणी निघतो. त्याची पेटी आहे, त्याची चित्रे आहेत, त्याचा अभ्यास आहे. 'त्याला उठवू नका, ते काम काय, कोणीही करील.' हा 'कोणीही' प्रत्यक्षात कधीच कोणीही नसतो. ती बहुधा थोरली बहीण असते, नाही तर आई. दिवाळीच्या पहाटे पणत्या कोणी लावल्या, पाणी कोणी तापविले, आणि वाहवा कोणाच्या रांगोळीची झाली, एवढे पाहिले तरी पुरे. आणि गुणी निघाली ती मुलगी असेल तर तिला ही सवलत मिळतेच असेही नाही. तिने पेटी वाजवावी, पण पाणी तापवून झाल्यावर.

शिवाय आपला उसासा निःस्वार्थी नसतो. डॉक्टर श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यवैद्य. १९६९ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी चालता धंदा सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली, आणि पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचा 'नटसम्राट' त्यांनी उभा केला. किती जणांनी म्हटले की अरेरे, एक उत्तम शल्यवैद्य वाया गेला? आपण म्हणतो, त्यांनी आतला आवाज ऐकला. ग्लेंडाने तोच आवाज ऐकून उलट्या दिशेने प्रवास केला, तर ती वाया गेली! याचे कारण सरळ आहे. आपण प्रेक्षक आहोत. लागूंच्या हातचा रोगी आपण नव्हतो, आणि हॅम्पस्टेडच्या गळक्या छपराखालीही आपण राहत नाही. आपले काय गेले तेवढेच आपल्याला दिसते आणि त्याला आपण कलेचे नुकसान म्हणतो.

नुकसान झालेच नाही असे मी म्हणत नाही. मात्र ते मोजताना हेही धरावे, की पन्नाशी उलटलेल्या नटीला कोणत्या भूमिका मिळतात? नाटककारांना स्त्रिया रंजक वाटत नाहीत, अशी तक्रार ग्लेंडा जन्मभर करीत आली. तेवीस वर्षांत तेवीस एलिझाबेथ तिची वाट पाहत उभ्या होत्या, हे आपले स्वप्न आहे.

पुढची हकीगत मात्र अशी आहे की तिने सगळा वादच अवघड करून ठेवला. २०१५ मध्ये तिने पार्लमेंट सोडले. २०१६ मध्ये, ऐंशी वर्षांची असताना, ती लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात उभी राहिली ती किंग लिअर म्हणून. लिअरची राणी नव्हे, मुलगी नव्हे; स्वतः लिअर. ज्या नाटकाच्या छायेत आपला गणपतराव बेलवलकर जन्मला, त्यातला तो म्हातारा राजा, वादळात भटकणारा. बाईने पुरुषाची भूमिका करावी यात बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला नवल वाटू नये. नवल आहे ते दमाचे. पंचवीस वर्षे रंगमंचावर पाऊल न टाकलेल्या बाईने रोज रात्री ती भूमिका पेलली. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला 'थ्री टॉल विमेन'मध्ये काम करून टोनी पारितोषिक घेतले, २०१९ मध्ये तेथेही लिअर केला. त्याच वर्षी बीबीसीच्या 'एलिझाबेथ इज मिसिंग' या चित्रपटात ती स्मृती ढासळत चाललेली म्हातारी झाली. हातातल्या चिठ्ठ्या वाचून स्वतःला धरून ठेवणारी. मायकेल केनबरोबरचा 'द ग्रेट एस्केपर' हा तिचा अखेरचा चित्रपट ती गेल्यानंतर लागला.

मग टीकाकारांनी तिला क्षमा केली. म्हणू लागले, ती तेवीस वर्षे वाया गेली नव्हती. तो अनुभवच तिने लिअरमध्ये ओतला. मलाही हे क्षणभर पटले. मग वाटले, हे तर पहिल्या उसाशाहून वाईट. ज्या म्हाताऱ्यांची निवृत्तिवेतने तिने सोडविली ती सगळी माणसे म्हणजे काय तिच्या लिअरचा कच्चा माल? कोणाच्या छपराचे गाऱ्हाणे ऐकावे, ते पुढे एका उत्तम भूमिकेच्या उपयोगी पडेल म्हणून? तिने स्वतः असा हिशेब केला असता तर ती मला आवडली नसती.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचा १९७६ चा 'मॉरल लक' नावाचा निबंध आहे. त्यात तो चित्रकार गोगँचे उदाहरण घेतो. बायकामुलांना टाकून गोगँ चित्रे काढायला ताहितीला जातो. चित्रे थोर निघाली तर त्याच्या जाण्याला काही समर्थन मिळते. फसली तर तो नुसता घर सोडून पळालेला माणूस. पण निघताना तर त्याला चित्रे कशी निघतील ते ठाऊक नव्हते. म्हणजे आपण बरोबर केले की चूक, हे काही अंशी दैवावर राहिले. ग्लेंडा ही उलटी गोगँ. ती कला टाकून माणसांकडे गेली, आणि दैवाने तिला ऐंशीव्या वर्षी धडधाकट ठेवले, म्हणून तिचा निर्णय आपल्याला शोभिवंत दिसतो. समजा ती सत्तराव्या वर्षी वारली असती. मग मृत्युलेखात ती तेवीस वर्षे खड्ड्यासारखी दिसली असती. निर्णय तोच, निर्णयामागचे मन तेच. मी येथे विल्यम्सशी भांडतो. गोगँच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरे असेल, कारण गोगँने दुसऱ्यांच्या जिवावर जुगार खेळला. जिने स्वतःचेच पणाला लावले तिला न्याय द्यायला लिअरची वाट का पाहावी लागावी?

आमच्या बाईंना लिअर मिळाला नाही. त्या दोनदा निवडून आल्या. उंचावर टाकी बांधून घ्यायला त्यांना सहा वर्षे लागली, त्यात किती अर्ज, किती खेपा, किती अपमान झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. तिसऱ्यांदा त्या नऊ मतांनी पडल्या. त्या दिवशी मी स्पर्धेचे नाटक घेऊन परगावी गेलो होतो. मतदानाला परत येता आले असते. आलो नाही. पुढे बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि रंगमंच कायमचा राहिला. आम्ही नाटकवाले जमलो की अजून कोणीतरी म्हणते, 'बाई राजकारणात गेल्या नसत्या तर!' आणि मी मान हलवीत असे. वरच्या आळीतल्या कोणी असा उसासा टाकलेला मी ऐकलेला नाही. माझे घरही वरच्या आळीतच आहे.

गेल्या दिवाळीत फराळाला बाईंकडे गेलो होतो. ग्लेंडा जॅक्सनची सगळी हकीगत त्यांना सांगितली. दोन ऑस्कर सांगितली, घासून मुलामा उडाल्याचे सांगितले तेव्हा हसल्या. लिअरचे ऐकताना मात्र त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले असे वाटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "निवडून यायची ती किती मतांनी?"

मी सांगितले, की शेवटच्या खेपेला, २०१० साली, मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या; अवघ्या बेचाळीस मतांनी आली.

"बेचाळीस!" बाईंनी हातातली चकली खाली ठेवली. "सर, लाखाच्या मतदारसंघात बेचाळीस म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचे. ती रात्र कशी काढली असेल तिने! आणि मग पाच वर्षे पुरी केली?"

"पुरी केली. वयाची एकोणऐंशी होईपर्यंत."

बाई काही बोलल्या नाहीत. मग मी इतकी वर्षे न सांगितलेली ती मतदानाच्या दिवसाची गोष्ट त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. यादीवर खुणा करायला आमचीच माणसे होती ना." संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मोरीत नळ खळखळू लागला तशा बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पिंप भरायला गेल्या.